बंदुकीला पाच वर्षं, तराजूला जन्मभर

महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सन्माननीय सदस्यांस,



हे पत्र एका लहानशा अटीबद्दल आहे. ती इतकी लहान आहे, की कायद्यावर सभागृहात चर्चा होते तेव्हा तिच्यावर कुणी बोलायला उभं राहत नाही. सावकारीच्या परवान्यासाठी अर्ज करणाऱ्या माणसाला पूर्वी कधी मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं गेलं असेल, तर निबंधक त्याला परवाना नाकारू शकतो. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानं घातलेली ही अट आहे आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानंही तोच साचा पुढे चालवला. दागिना ठेवून घेऊन पैसे देणारा तारण सावकार याच कायद्याखाली येतो. तमिळनाडूत आणि कर्नाटकात गहाणवटीच्या धंद्यासाठी वेगळे कायदे आहेत, आपल्याकडे तसा नाही. ही अट काढून टाका असं मी म्हणत नाही. लोकांचं सोनं ज्याच्या तिजोरीत जाणार त्याचा पूर्वेतिहास सरकारनं पाहायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच, की या अपात्रतेला मुदत असावी, आणि मुदत संपण्याआधीही ती माफ करून घेण्याचा एक उघड, लेखी, कारणांसहित मार्ग कायद्यातच असावा. तसा मार्ग नसल्यामुळे अटीचा मूळ हेतूच कसा हुकतो, ते मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी धंदा कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणू. तालुक्याच्या गावी खरिपाच्या तोंडावर एखादी बाई पदराच्या गाठीतून दोन पाटल्या काढून काचेच्या काउंटरवर ठेवते. सावकार त्या कसोटीवर घासतो, काट्यावर टाकतो, लाख आणि मळ यांचं वजन मनातल्या मनात वजा करतो आणि रक्कम सांगतो. पुढचं सगळं एका पावतीवर उभं असतं: डाग कोणता, वजन किती, पैसे किती दिले, व्याज काय दरानं, मुदत कधीपर्यंत. २०१४ च्या कायद्याखाली ठरलेले दर शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के आहेत. गावात दरमहा शेकडा तीन किंवा पाच हे आकडे सहज ऐकू येतात, त्यांच्याशी हे दर ताडून पाहिले की परवान्याचा अर्थ कळतो. परवान्यामुळे सावकार साधुसंत होत नाही, पण तो सापडतो. त्याचा पत्ता असतो, त्याच्या वह्या असतात, सहायक निबंधक त्या मागवू शकतो, आणि पाटल्या परत मिळाल्या नाहीत तर त्या बाईकडे दाखवायला एक कागद असतो. बाईला आधार मिळतो तो त्या वहीचा. सावकाराचं चारित्र्य त्या वहीइतकं तिच्या उपयोगी पडत नाही, आणि या पत्रातला सगळा युक्तिवाद याच एका गोष्टीवर टेकलेला आहे.

आता ‘मालमत्तेविरुद्धचे गुन्हे’ या शब्दांत काय काय मावतं ते पाहा. भारतीय दंडसंहितेचं सतरावं प्रकरण त्या गुन्ह्यांचं होतं, आणि योगायोगानं नव्या भारतीय न्यायसंहितेतही त्यांचं प्रकरण सतरावंच आहे. दरोडा त्यात आहे, घरफोडी आहे, विश्वासघात आणि फसवणूक आहे. पण त्याच प्रकरणात आगळीक आहे आणि फौजदारीपात्र अतिक्रमणही आहे. जुन्या संहितेच्या कलम ४४७ खाली अतिक्रमणाला कमाल शिक्षा तीन महिने कैद, पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही, एवढीच होती. बांधावरून दोन भावांत वाजलं, एकानं फिर्याद दिली, दुसऱ्याला कोर्टानं दंड केला, की तो मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरला. एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या तरी नादानं विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची वायर चोरणारा आणि पतसंस्थेच्या ठेवी गिळणारा, दोघंही एकाच प्रकरणाच्या छपराखाली बसतात. परवान्याच्या अर्जापुढे त्यांच्यात फरक करायला अधिकाऱ्याजवळ ठरलेली मोजपट्टी नसते.

शिक्षा लागते कशी, हेही पाहायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे खटला चालू असलेले किंवा सुरूच न झालेले. किरकोळ चोरीच्या आरोपात आत बसलेल्या, जामीनदार न मिळणाऱ्या माणसाला एक सोपा रस्ता दाखवला जातो: गुन्हा कबूल कर, भोगलेली कैद हीच शिक्षा धरतील, संध्याकाळी घरी जाशील. तो कबूल करतो. त्या क्षणी त्याच्या मनात घर असतं, दहा वर्षांनी भरायचा परवान्याचा अर्ज नसतो. जामीन मिळालेला, वकील लावू शकणारा माणूस मात्र तोच खटला लढवतो आणि बऱ्याचदा पुराव्याअभावी सुटतो. तेव्हा दोषसिद्धीच्या नोंदीतून माणसाची लबाडी जितकी कळते, तितकीच त्याची ऐपतही कळते. ही नोंद पाहायचीच नाही असं मी म्हणत नाही. पण तिला अखेरचा शब्द मानणं धाडसाचं आहे.

सन्माननीय सदस्यहो, ज्या पदावर आपण बसला आहात त्याच्या पात्रतेचा कायदा इथे शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याच्या कलम ८ मध्ये काही ठरावीक गुन्हे नावानिशी दिले आहेत. त्यांत दोषी ठरलं की अपात्रता येते. साधी चोरी त्या यादीत नाही. यादीबाहेरच्या बहुतेक गुन्ह्यांसाठी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली तरच अपात्रता लागते, आणि ती सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. याचा अर्थ असा, की चोरीबद्दल दीड वर्षाची कैद भोगून आलेला माणूस केवळ त्या शिक्षेमुळे आमदारकीला अपात्र ठरत नाही. पण अतिक्रमणाबद्दल पाचशे रुपये दंड भरलेल्या माणसाला तारणाच्या दुकानाचा परवाना आयुष्यात कधीही नाकारता येतो. त्याच कायद्यात पुढे कलम ११ आहे. भ्रष्ट निवडणूक व्यवहाराबद्दलची अपात्रता वगळता बाकीची कुठलीही अपात्रता निवडणूक आयोग कारणं नोंदवून काढून टाकू शकतो किंवा तिचा काळ कमी करू शकतो. हे कलम नुसतं शोभेचं नाही. सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांना भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली २०१६ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली होती आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते सुटले. त्यांची सहा वर्षांची अपात्रता आयोगानं सप्टेंबर २०१९ मध्ये एक वर्ष आणि एक महिना इतकी कमी केली, आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत ते निवडून आले. त्या निर्णयावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. ती योग्य होती की नाही हा इथला विषय नाही. राज्य चालवणाऱ्या माणसासाठी अपात्रता माफीची खिडकी कायद्यानं ठेवली आहे, आणि पाटल्या तोलणाऱ्यासाठी ती नाही, एवढंच मला दाखवायचं आहे.

कुणी म्हणेल, राजकारणाचा नियम वेगळा, तिथे शेवटी मतदार निवाडा करतो. ठीक, मग बंदुकीचं पाहू. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ९ प्रमाणे हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं शस्त्र बाळगता येत नाही. पाच वर्षांनंतर त्या कारणापुरती मनाई उठते; मग परवाना द्यायचा की नाही हे अधिकारी इतर गोष्टी पाहून ठरवतो. बंदुकीला पाच वर्षं आणि तराजूला जन्मभर, हा हिशेब कुठल्या तत्त्वावर बसतो ते मला उमगलेलं नाही. आपल्या कायद्यांना क्षमेचं वावडं आहे असंही नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ सांगतं, की समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी कुठलीही अपात्रता लागू नये. अल्पवयीनांसाठीच्या २०१५ च्या कायद्यातही अपात्रता पुसण्याची तरतूद आहे. मेख अशी, की परिवीक्षेचा फायदा ज्याचा वकील मागतो त्याला मिळतो. संध्याकाळी घरी जायच्या आशेनं गुन्हा कबूल करणाऱ्यासाठी तो सहसा कुणी मागत नाही. त्याला मग शिक्षा होते, आणि शिक्षेपाठोपाठ आयुष्यभराची अपात्रता.

हाच प्रश्न न्यूझीलंडनं कसा सोडवला, ते आपल्या उपयोगाचं आहे, कारण तिथला कायदा नेमका तारणाच्या आणि त्याच्या शेजारच्या जुन्या वस्तूंच्या धंद्याचा आहे. जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि गहाणवट करणारे या दोघांसाठी तिथे पूर्वी १९६३ चा आणि १९०८ चा असे दोन वेगळे कायदे होते. २००४ मध्ये दोन्ही एकत्र करून नवा कायदा केला आणि तो एप्रिल २००५ पासून लागू झाला. परवाना पाच वर्षांचा. विकत घेतलेली वस्तू चौदा दिवस तशीच ठेवायची, म्हणजे चोरीची निघाली तर पोलिसांना सापडते. गहाण ठेवलेली वस्तू सोडवायला किमान तीन महिने द्यायचे. कायदा ढिला मुळीच नाही. त्यातही अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस अपात्र आहे, पण गेल्या पाच वर्षांत दोषी ठरला असेल तर. आणि त्या पाच वर्षांतही परवाना प्राधिकरणाकडे तो अपात्रता माफ करण्याचा अर्ज करू शकतो. अर्ज पोलिसांकडे जातो, ते हरकत घेऊ शकतात, प्राधिकरण दोन्ही बाजू पाहून ठरवतं. न्यूझीलंड आपल्याहून फार लहान देश आहे आणि तिथले कैदीही काही समाजातून समप्रमाणात आलेले नाहीत: लोकसंख्येत सतरा-अठरा टक्के असलेला माओरी समाज तुरुंगात निम्म्याहून जास्त आहे. जिथे पोलिसांची नजर एका समाजावर जास्त पडते तिथे दोषसिद्धीवर आधारलेली सरसकट बंदी त्या समाजावरच जास्त कोसळणार, हे ओळखायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

आपल्याला तर ते अधिक लवकर ओळखता यायला हवं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं माणसं जन्मानंच गुन्हेगार ठरवली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; आपल्याकडचा १९५९ चा. पारधी पोराच्या घरी आजही एखाद्या चोरीनंतर पोलीस आधी का जातात, हे आपल्या मतदारसंघात विचारून पाहा. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमधले जातीवरचे भेद रद्द केले, तेव्हा विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरण्याच्या जुन्या सवयीवरही न्यायालयानं बोट ठेवलं होतं. ज्या नोंदी अशा नजरेतून तयार झाल्या, त्यांच्यावरच परवान्याची पात्रता मोजायची असेल, तर निदान त्या नोंदी एकदा नीट वाचायची सोय तरी हवी.

काळाची मर्यादा का घालावी, याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत अल्फ्रेड ब्लमस्टाइन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी न्यूयॉर्क राज्यात १९८० मध्ये पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या नोंदी पुढची अनेक वर्षं तपासल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रश्न सरळ होता: एकदा अटक झालेला माणूस किती वर्षं स्वच्छ राहिला, म्हणजे त्याला पुन्हा अटक होण्याची शक्यता त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी होते? अठराव्या वर्षी घरफोडीत सापडलेल्यांसाठी उत्तर आलं सुमारे पावणेचार वर्षं, जबरी चोरीत सापडलेल्यांसाठी पावणेआठच्या आसपास. हे आकडे न्यूयॉर्कचे आहेत, नांदेडचे नाहीत, आणि ते जसेच्या तसे उचलावेत असं कुणी म्हणू नये. पण त्यांतून एक गोष्ट दिसते: जुनी नोंद धोका सांगते तो काही वर्षांपुरता, त्यानंतर तिच्यातून फारसं काही कळत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या वायरचोरीवरून आजच्या चाळीस वर्षांच्या माणसाचा अंदाज बांधणं म्हणजे गेल्या पिढीच्या पंचांगावरून यंदाचा पाऊस सांगणं.

सगळ्यात जोरकस आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो आपल्या भाषेत तयार बसलेला आहे: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. तारणाचं आणि जुन्या वस्तूंचं दुकान हेच चोरीचा माल जिरवण्याचं ठिकाण. तिथे पूर्वीच्या चोरालाच गल्ल्यावर बसवायचं? आक्षेपात तथ्य आहे. चोरीचा माल माहीत असून घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो धंदाच बनवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, ती याच कारणासाठी. पण या आक्षेपात एक गृहीतक दडलेलं आहे, की परवाना नाकारला की तो माणूस धंदा करणार नाही. प्रत्यक्षात काय होतं, ते ग्रामीण भागातून निवडून आलेल्या सदस्यांना सांगायला नको. परवाना नसलेली सावकारी पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा असूनही ती चालते, कोऱ्या मुद्रांकावरच्या सह्यांवर चालते, खरेदीखत करून घेऊन चालते. ज्याला त्या धंद्याची जाण आहे आणि दुसरं भांडवल नाही, तो परवान्यावाचून अडत नाही. तो दिसेनासा होतो. मग ना पावती, ना वही, ना दराची मर्यादा, ना निबंधकाची तपासणी. पाटल्या ठेवणाऱ्या बाईच्या बाजूनं विचार केला, तर ज्याची दोषसिद्धी सरकारला माहीत आहे, ज्याच्याकडून अनामत घेतली आहे, ज्याच्या वह्या दर तिमाहीला तपासल्या जातात असा परवानाधारक तिला परवडतो की तोच माणूस मागच्या खोलीत, बिनपावतीचा? आणि खरा बिलंदर माल जिरवणारा कधीच दोषी ठरलेला नसतो. त्याचा दाखला कोरा असतो. परवाना त्याला आजही मिळतो.

जुन्या वस्तूंच्या धंद्याकडेही याच दृष्टीनं पाहावं लागेल, कारण तिथे नोंदणीचे नियम आता आता येऊ लागले आहेत. हा धंदा आपल्या घरातला आहे. दारात बसून पाच साड्यांवर एक स्टीलचं पातेलं द्यायचं की सहांवर, याची तासभर घासाघीस करणारी बोहारीण, पुण्याच्या जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेले पाने, पकडी, पितळी नळ आणि एका काट्याची घड्याळं, मुंबईत मटण स्ट्रीटवरचे ग्रामोफोन, गल्लीबोळातले लोखंड-पत्रा-रद्दीवाले. बहुतेकांच्या धंद्याला आजवर काही दाखला लागत नव्हता. वाहनांपुरतं ते बदललं आहे: २०२३ च्या एप्रिलपासून जुनी वाहनं खरेदी-विक्री करणाऱ्यांना परिवहन खात्याचं पाच वर्षांचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. जुन्या मोबाइलसाठी केंद्राच्या संचार साथी व्यवस्थेत मे २०२३ पासून फोनचा आयएमईआय क्रमांक टाकून तो चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते घेण्याआधी तपासता येतं. हे चांगलंच आहे, आणि मोबाइल, भंगार, जुनं सोनं यांच्यासाठीही उद्या परवाने येतील. तेव्हा मसुदा लिहिणारा कारकून सवयीनं जुन्या कायद्यातली अपात्रतेची ओळ उचलून तिथे चिकटवेल. भंगाराचा धंदा हा तुरुंगातून सुटलेल्या, शिक्षण नसलेल्या माणसाला मिळणाऱ्या मोजक्या कामांपैकी आहे. हातगाडी, वजनकाटा आणि पहाटे उठायची तयारी एवढंच त्याला लागतं. ती ओळ तिथे विनामुदत गेली, तर काल कायदेशीर असलेलं त्याचं पोट एका अधिसूचनेनं बेकायदा होईल.

दुसरा आक्षेप कार्यालयातून येईल: अपील आहे, अधिकाऱ्याला विवेकाधिकार आहे, वेगळ्या माफीचं काय काम? कायदा ‘नाकारता येईल’ म्हणतो, ‘नाकारावाच’ म्हणत नाही, हे खरं. पण टेबलावर त्या दोन शब्दांतला फरक उरत नाही. परवाना दिला आणि पुढे काही घडलं तर अधिकाऱ्यावर चौकशी बसते. नाकारल्याबद्दल सहसा कुणावर बसत नाही. मग शहाणा अधिकारी काय करील? आणि अपिलात प्रश्न विचारला जातो तो खालच्या अधिकाऱ्यानं नियम बरोबर लावला का, हा. माणूस बदलला का, हा प्रश्न अपिलात बसतच नाही. तो विचारायचा तर त्यासाठी वेगळं कलम लागतं आणि त्यात कसोट्याही लागतात: गुन्हा कोणता, तेव्हा वय काय, किती काळ लोटला, मधल्या काळात काय केलं, नुकसान भरून दिलं का, आणि त्या गुन्ह्याचा या धंद्याशी संबंध किती. बांधावरच्या अतिक्रमणाचा सोनं तोलण्याशी काहीच नाही. ठेवीदारांच्या फसवणुकीचा मात्र थेट आहे.

तिसरा आक्षेप कुणी लेखी देणार नाही, पण सगळ्यांच्या मनात असेल. माफीचं कलम आलं की माफीचा भाव ठरेल. पाकीट देणाऱ्याला माफी, बाकीच्यांना तारीख. ही भीती मला खोटी वाटत नाही. पण आज जो विवेकाधिकार न बोलता वापरला जातो, त्यातही पाकिटाला जागा आहेच, उलट कागद नसल्यामुळे ती जास्त आहे. म्हणून माफीचा प्रत्येक आदेश, मंजुरीचा असो वा नकाराचा, कारणांसह लिहिलेला आणि खात्याच्या संकेतस्थळावर लावलेला असावा. निर्णयाला नव्वद दिवसांची मुदत असावी. पोलिसांनी हरकत घ्यायची तर लेखी घ्यावी आणि ‘गुन्हेगारी वृत्तीचा’ असल्या मोघम शेऱ्याला हरकत मानू नये. निर्णय एकट्या निबंधकावर न टाकता त्याच्याबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा प्रतिनिधी बसवावा. विधी सेवेची माणसं तुरुंगात जातात, त्यांना कबुलीजबाबाचं गणित माहीत असतं.

ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय, हा प्रश्न राहतो, आणि तो मला बाकी सगळ्यांहून अवघड वाटतो. काही अपात्रता मुदतीआधी मुळीच माफ होऊ नयेत. कर्जदाराला वसुलीसाठी मारहाण किंवा छळ केला, त्याची जमीन लुबाडली, तारणाचे दागिने परस्पर वितळवले, ठेवीदारांना बुडवलं, अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यानं पूर्ण काळ बाहेर बसावं, आणि तो काळ न्यूझीलंडसारखा पाच वर्षांचा न ठेवता दहा वर्षांचा ठेवला तरी माझी हरकत नाही. इतरांना माफी द्यायची तीही मोकळी नसावी. पहिल्या दोन वर्षांसाठी कर्जाच्या रकमेला कमाल मर्यादा, जास्त अनामत, प्रत्येक डागाचा फोटो आणि वजन त्याच दिवशी ऑनलाइन, दर तिमाहीला तपासणी. एकही नोंद खोटी निघाली तर परवाना जागेवर रद्द आणि पुन्हा माफी नाही. एवढ्या अटी घालून धंदा करायला जो तयार होतो, तो बहुतेक वेळा वहीला भिणारा माणूस नसतो.

यासाठी मोठं विधेयक लागत नाही. २०१४ च्या कायद्यात एक दुरुस्ती, नियमांत कार्यपद्धतीचं एक परिशिष्ट, आणि पुढे येणाऱ्या परवाना-कायद्यांच्या मसुद्यांसाठी विधी व न्याय विभागाला एक परिपत्रक, की दोषसिद्धीवरची अपात्रता लिहाल तिथे मुदत आणि माफीचं कलम सोबत लिहा. हे काम अशासकीय विधेयकानंही सुरू करता येईल. आणि तोवर एक गोष्ट आजच्या आज होऊ शकते. ‘यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?’ असा प्रश्न ज्या ज्या अर्जात असेल, तिथे होय-नाहीच्या चौकटीखाली चार ओळींची जागा सोडा: गुन्हा कोणता, कधी, तेव्हा वय किती, त्यानंतर काय केलं. कलम येईपर्यंत निबंधकानं निदान त्या चार ओळी वाचल्याची सही तरी करावी.



आपल्या मतदारांपैकी एक